न विकायच्या तबकडीवरचं गाणं

या पुस्तिकेचा विषय असलेलं गाणं ज्या तबकडीवर निघालं, ती तबकडी विकत मिळत नव्हती. १९९६ साली ती फ्रान्समधल्या रेडिओ केंद्रांकडे धाडली गेली, ती वाजवण्यासाठी. गायिका सेलीन दियों. गाण्याचं नाव ‘ले देर्निए सरों ले प्रमिए’, म्हणजे ‘शेवटचे पहिले होतील’. हेच गाणं स्टुडिओत मुद्रित होऊन वर्षभर आधी घरोघर पोचलेलं होतं. या तबकडीवर होती ती पॅरिसच्या प्रेक्षकांसमोर गायलेली आवृत्ती, टाळ्या-शिट्ट्यांसकट.

एवढ्याशा ऐवजावर अख्खी पुस्तिका कशाला, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. याच गायिकेची याहून कितीतरी गाजलेली गाणी आहेत. ‘टायटॅनिक’मधलं तर आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवाल्यांनीही सोडलं नाही. पण माझं म्हणणं असं की हे गाणं स्टुडिओत अर्धंच झालं होतं. राहिलेलं अर्धं पॅरिसच्या झेनिथ सभागृहात जमलेल्या माणसांनी पुरं केलं, आणि ते पुरं झालेलं रूप जगापुढे आलं ते मात्र जाहिरातीच्या वाटेने. पुढची पानं वाचताना या दोन्ही गोष्टी सोबत ठेवाव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी ‘प्रमोशनल सिंगल’ म्हणजे काय ते उरकून घेऊ. नव्वदच्या दशकात फ्रान्समध्ये एकेका गाण्याची तबकडी पातळ पुठ्ठ्याच्या पाकिटात मिळायची; बहुधा दोन गाणी, वर गायकाचा फोटो. प्रमोशनल तबकडी दिसायला तशीच, फक्त पाकिटावर किंवा तबकडीच्या कडेला बारीक अक्षरांत ‘विक्रीस मनाई’ अशा अर्थाचा मजकूर छापलेला. ती मिळायची रेडिओच्या संगीत-निवडकांना, वर्तमानपत्रांच्या समीक्षकांना, कधी डिस्कोवाल्यांना. विक्रीच होत नसल्याने फ्रान्सच्या अधिकृत खपाच्या यादीत तिचं नाव येण्याचा प्रश्नच नसे. ती यादी दुकानातल्या विक्रीवर बनत असे. म्हणजे कितीही वाजली तरी कागदोपत्री अशा तबकडीचा क्रमांक शून्य. कंपनीला त्याची फिकीर नसते. रेडिओवर गाणं ऐकून माणसाने दुकानात जावं आणि पूर्ण अल्बम उचलावा, एवढाच तिचा हिशेब. इथे तो अल्बम होता ‘लाइव्ह आ पारी’, १९९६ च्या ऑक्टोबरात आलेला. गंमत अशी की फुकट वाटलेल्या या तबकड्या पुढे संग्राहकांच्या हाती लागल्या, आणि जी चीज विकायला मनाई होती तीच जुन्या रेकॉर्डच्या बाजारात विकली जाऊ लागली.

आता गायिकेकडे येऊ. सेलीन दियोंला आपण इंग्रजी गाणारी म्हणून ओळखतो, पण तिची भाषा फ्रेंच. जन्म ३० मार्च १९६८, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात शार्लमान्य नावाच्या गावी. चौदा भावंडांतलं शेंडेफळ. पहिलं गाणं आईने आणि भावाने मिळून रचलेलं. ते ऐकून रने आंजेलिल या व्यवस्थापकाने स्वतःचं घर गहाण टाकून तिचा पहिला अल्बम काढला. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. १९८८ साली तिने युरोव्हिजन स्पर्धा स्वित्झर्लंडच्या वतीने, फ्रेंच गाण्यावर, एका गुणाने जिंकली. पुढे इंग्रजीत गायला लागली, तेव्हा क्वेबेकमध्ये कुजबुज सुरू झाली. १९९० मध्ये तिथल्या संगीत-पुरस्कारांत तिला ‘वर्षातली इंग्रजी कलाकार’ म्हणून फेलिक्स पुरस्कार जाहीर झाला, आणि तिने मंचावर जाऊन तो नाकारला. आपण क्वेबेकच्याच आहोत, इंग्रजी कलाकार नव्हे, एवढंच तिचं म्हणणं. इंग्रजी गाऊन पैसा मिळवायचा आणि फ्रेंच म्हणवून घ्यायचं, ही टीका त्यावर झालीच. पण काही वर्षांनी तिने त्या टीकेला जे उत्तर दिलं ते भाषणापेक्षा ठोस होतं. त्या उत्तराचं नाव ‘दो’. मार्च १९९५ मध्ये आलेला हा फ्रेंच अल्बम एकट्या फ्रान्समध्ये ४० लाखांहून जास्त खपला, ४४ आठवडे यादीत पहिला राहिला, आणि फ्रेंच भाषेतला सर्वाधिक खपलेला अल्बम म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. त्यातलं ‘पूर क त्यू मेम आंकोर’ हे गाणं बारा आठवडे पहिलं होतं. इंग्रजीशिवाय दुसरं काही ऐकायला नाखूश असलेल्या ब्रिटनमध्येसुद्धा ते सातव्या क्रमांकापर्यंत चढलं.

हे घडवून आणलं झां-झाक गोल्डमन या माणसाने. या पुस्तिकेचा दुसरा नायक तोच आहे, आणि माझ्या लेखी जरा जास्तच मोठा.

गोल्डमनचा जन्म १९५१ चा, पॅरिसचा. वडील पोलंडमधून आलेले ज्यू, नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यातले; आई जर्मनीतून आलेली ज्यू. घरात डावे विचार. आईवडिलांचं पॅरिसच्या दक्षिणेला माँरूज इथे क्रीडासाहित्याचं दुकान होतं. अशा घरातला हा मुलगा वाढत्या वयात गायला लागला तो कुठे? माँरूजच्या चर्चमध्ये. तिथल्या पाद्रीबाबांनी पोरांचं एक गॉस्पेल मंडळ उभं केलं होतं. गावाच्या नावाचं सरळ इंग्रजी करून मंडळाला ‘रेड माउंटन गॉस्पेलर्स’ असं नाव दिलेलं. ज्यू घरातलं पोर, कॅथलिक चर्च, आणि गाणी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनेची. पुढे ज्या गाण्याबद्दल आपण बोलणार आहोत, त्याचं मूळ शोधायचं तर मी याच चर्चच्या दारात जाऊन उभा राहीन.

१९८१ पासून गोल्डमन स्वतःच्या नावाने गाऊ लागला आणि दोन-तीन वर्षांत देशभर लोकप्रिय झाला. समीक्षकांनी मात्र त्याला कधी आपलं म्हटलं नाही. आवाज चिरका, चाली सोप्या, शब्द शाळकरी, असे ताशेरे. त्याने यावर केलेली गोष्ट मला फार आवडते. वर्तमानपत्रात पैसे मोजून जागा घेतली, आपल्यावरची सगळ्यांत झोंबणारी वाक्यं तिथे जशीच्या तशी छापली, आणि खाली श्रोत्यांचे आभार मानले, की तुम्ही स्वतःच्या कानांनी ठरवलंत. त्यात कांगावा नव्हता, रडगाणं तर नव्हतंच. त्याच सुमारास विनोदी नट कोल्यूश याने गरिबांना फुकट जेवण देणारी ‘रेस्तो द्यू कर’ ही चळवळ सुरू केली. तिच्यासाठीचं गाणं गोल्डमननेच लिहिलं, आणि पुढे कित्येक वर्षं दर हिवाळ्यात तिच्या मदतीसाठी कलाकारांची मोट तो बांधत राहिला. रांगेत शेवटी उभी असलेली माणसं हा त्याचा लेखणीपुरता विषय नव्हता.

‘दो’साठी त्याने गाणी लिहिली, चाली दिल्या, आणि एरिक बेन्झीला सोबत घेऊन निर्मितीही केली. स्टुडिओतली त्याची मुख्य मागणी एकच होती: कमी गा. सेलीन दियोंचा गळा म्हणजे धरणाचं दार. उघडलं की सगळं वाहून जातं. गोल्डमनने तिला ते दार किलकिलं ठेवायला लावलं. शब्द बोलल्यासारखे यावेत, ताना अंगावर येऊ नयेत, वरच्या पट्टीत जाण्याआधी कारण असावं. याचा स्वतःवर झालेला परिणाम तिने पुढे मोकळेपणाने सांगितला आहे. याच अल्बममधल्या ‘झ से पा’सारख्या गाण्यात हा संयम ऐकताच कळतो.

आणि मग, बारा गाण्यांच्या त्या अल्बममध्ये, मुद्दाम जागा सोडून ठेवल्यासारखं हे एक गाणं येतं. त्यात दार पुरतं उघडायला परवानगी आहे.

शीर्षक मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, द्राक्षमळ्याच्या दृष्टांतातलं. मळ्याचा मालक पहाटे चावडीवर जाऊन मजूर आणतो, दिवसाचा एक दिनार ठरवतो. नऊ वाजता आणखी काही आणतो, बाराला, तीनला. दिवस मावळायला तासभर राहिला असताना पाचच्या सुमाराला पुन्हा जातो, तर काही जण अजून तिथेच उभे. विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, कोणी कामाला लावलंच नाही. त्यांनाही तो मळ्यात धाडतो. संध्याकाळी मजुरी वाटताना सुरुवात शेवटून होते, आणि तासभर राबलेल्याच्या हातावरही पूर्ण दिनार पडतो. पहाटेपासून उन्हात होरपळलेले चिडतात. मालक म्हणतो, तुमचं ठरलेलं तुम्हाला दिलं; माझं मी कोणाला किती द्यावं हा माझा प्रश्न. रोजंदारीच्या नाक्यावर सकाळी उभं राहिलेल्या माणसाला या गोष्टीची टीका वाचावी लागत नाही. कोणी कामाला लावलंच नाही, हे वाक्य आजही तिथे रोज बोललं जातं.

गोल्डमनने दृष्टांतातलं फक्त वचन उचललं, मळा नव्हे. त्याच्या गाण्यात आजचं शहर आहे. एका बाजूला झगमगते दिवे, पडदे, तारे. दुसऱ्या बाजूला डांबरी रस्ता आणि ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही अशी माणसं. कडव्यांत ही यादी झरझर सरकते आणि धृपदात फासा पालटतो: दुसऱ्या कुठल्याशा वास्तवात शेवटचे पहिले ठरतील, आणि ते ‘शेवटचे’ म्हणजे ‘आपण’. गाण्याचं सगळं वजन या ‘आपण’वर आहे. चाल गॉस्पेलकडे झुकलेली, मागे कोरस, ठेका टाळी धरायला लावणारा. चर्चमधल्या गॉस्पेलमध्ये पुढचा गायक ओळ टाकतो आणि मंडळी ती झेलतात. ओळ झेलायला माणसंच नसली तर ते गाणं नुसतं ओरडणं होतं. स्टुडिओत मंडळी म्हणजे मोजके गळे, काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. ‘आपण’ म्हणायला तिथे आहे कोण?

म्हणून झेनिथ. पॅरिसच्या ईशान्य टोकाला ला व्हिलेत नावाचा भाग आहे. शंभराहून जास्त वर्षं शहराचा कत्तलखाना आणि गुरांचा बाजार तिथे होता. तो बंद झाल्यावर तिथे मोठं उद्यान आखलं गेलं, आणि १९८४ च्या जानेवारीत त्याच्या कडेला झेनिथ उघडलं. तेव्हाचे संस्कृतिमंत्री झाक लांग यांच्या काळातली ही कल्पना: रॉक आणि लोकप्रिय संगीतासाठी स्वतंत्र सभागृह, सहा हजारांच्या आसपास माणसं बसतील असं, आणि कमी खर्चाचं. छत-भिंती पोलादी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाच्या. जवळजवळ तंबूच. पॅरिसमधल्याच ऑलिंपिया या मखमली खुर्च्यांच्या सभागृहापेक्षा वेगळी जनता इथे येते, आणि वेगळी वागते. उभी राहते, गाते, पायांनी ताल धरते. १९९५ च्या ऑक्टोबरात सेलीन दियोंचे कार्यक्रम इथे झाले आणि तिथेच ‘लाइव्ह आ पारी’ मुद्रित झाला. या गाण्याला गोल्डमन स्वतः मंचावर आला आणि दोघांनी ते मिळून गायलं.

काय बदललं? पहिल्यांदा गती. मैफिलीत सगळंच किंचित पुढे ओढ घेतं. दुसरं, दोन आवाजांतली तफावत. तिचा गळा तयारीचा, त्याचा उंच, थोडा फाटका. शेजारी ठेवले की तिच्या सफाईला खरखर मिळते, त्याच्या खरखरीला आधार. पण मुख्य फरक समोरच्या माणसांचा. धृपद सुरू होतं तेव्हा टाळी मंचावरून शिकवावी लागत नाही. ती आधीच चालू असते, आणि शब्दही सगळ्यांना पाठ. सहा हजार माणसं ‘आपण’ म्हणतात तेव्हा सर्वनामाला माणसं मिळतात. तिकीट काढून आलेली, घरी परतायला शेवटची मेट्रो पकडायची आहे अशी माणसं.

हे टेपवर आणायचं म्हणजे किचकट काम. मंचावरचा प्रत्येक माईक, प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतात, सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत. प्रेक्षकांसाठी निराळे माईक लावतात, ते छतापाशी किंवा मंचाच्या कडेला, गर्दीकडे तोंड करून. मिश्रण करताना सगळ्यांत नाजूक निर्णय याच माइकांचा: गर्दी कमी ठेवली तर स्टुडिओसारखं कोरडं वाटतं, जास्त ठेवली तर शब्द बुडतात. रेडिओसाठी कटकट आणखी एक. केंद्रावरून प्रसारण होताना आवाज दाबून एकसारखा केला जातो. गाणं हळू झालं की यंत्र आपोआप पातळी वर उचलतं, आणि त्याबरोबर मागची गर्दी फुगून वर येते. शिवाय अल्बममध्ये एका गाण्याची टाळी पुढच्या गाण्याच्या सुरुवातीत मिसळलेली असते, तर सिंगलला नेमका आरंभ आणि नेमका शेवट हवा. कुठे टाळ्या तोडायच्या, कुठे हळूच विझवायच्या, हे कोणीतरी कानाने बसून ठरवतं. त्या माणसाचं नाव श्रोत्याला क्वचितच ठाऊक असतं. ‘शेवटचे’ या शब्दात मी त्यालाही धरतो.

फ्रेंच गाण्याच्या परंपरेत थेट मुद्रणाचा मान जुना आहे. झाक ब्रेल हा बेल्जियन, पण गायला फ्रेंचमध्ये. त्याचं ‘आम्स्तर्दाम’ आज त्याच्या सर्वोत्तम गाण्यांत गणलं जातं. ते त्याने स्टुडिओत कधी मुद्रित केलंच नाही. १९६४ साली ऑलिंपियात, श्रोत्यांसमोर घेतलेलं मुद्रण आपल्याकडे आहे. पुरेसंही आहे. झेनिथच्या मैफिलीत सेलीन दियोंनेही ब्रेलचं एक गाणं म्हटलं, ‘कां ऑन ना क लामूर’, आणि ते याच अल्बममध्ये आहे. संगीत नाटकातल्या वन्समोअरवर आणि रात्ररात्र चाललेल्या मैफिलींच्या ध्वनिफितींवर वाढलेल्या मराठी कानाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

वेळ साधली होती ती कायद्यानेही. फ्रान्समध्ये १ जानेवारी १९९६ पासून रेडिओ केंद्रांवर बंधन आलं: गर्दीच्या वेळात वाजणाऱ्या लोकप्रिय गाण्यांपैकी किमान ४० टक्के फ्रेंच हवीत, आणि त्यातली निम्मी नव्या गायकांची किंवा नव्या निर्मितीची. तरुणांच्या केंद्रांनी आरडाओरडा केला, कारण त्यांचा दिवस अमेरिकी गाण्यांवर चालत असे. त्या वर्षभर संगीत-निवडक वाजण्याजोग्या फ्रेंच गाण्यांच्या शोधात होते. ओळखीची गायिका, ओळखीचं गाणं, नवा पोशाख. अशी तबकडी त्यांच्या टेबलावर आली तर ती बाजूला कोण ठेवील? कंपनीला हे कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘फॉलिंग इन्टू यू’ हा तिचा इंग्रजी अल्बम आला होता. जगभर त्याचीच चलती होती, आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. फ्रेंच श्रोत्याला आपण विसरलेलो नाही, हे दाखवायला थेट मैफिलीचा अल्बम सोयीचा होता. नवी गाणी लिहावी लागत नव्हती.

मग आक्षेप येतोच. यशाच्या शिखरावर बसलेली बाई उपेक्षितांचं गाणं गाते, ते एक बलाढ्य कंपनी जाहिरातीची तबकडी म्हणून वाटते, आणि आपण त्याला हळवं होऊन दाद द्यायची? पुढच्या प्रकरणांत हा आक्षेप सविस्तर आहे, आणि तो टाळला नाही याचा मला आनंद आहे. माझं मत इथे सांगून टाकतो. स्टुडिओतल्या आवृत्तीवर हा आक्षेप बसतो. तिथे गाणारी एक तारका आणि ऐकणारा एकटा ग्राहक, एवढेच दोघं. ‘आपण’ हा शब्द उसना वाटतो. झेनिथमध्ये तो आक्षेप लटका पडतो. तिथे गाण्याचा ताबा मंचाकडून समोरच्या गर्दीकडे गेलेला स्पष्ट ऐकू येतो, आणि गोल्डमनने तो जाऊ दिला आहे. यात हिशेब होता म्हणून घडलेलं खोटं ठरत नाही. तमाशाचा फडही तिकीट लावूनच उभा राहतो.

त्यानंतरचं थोडक्यात. दोघांनी आणखी दोन अल्बम केले, १९९८ आणि २००३ साली. गोल्डमनने २००१ नंतर स्वतःचा अल्बम काढला नाही. प्रसिद्धीपासून दूर राहूनही फ्रान्सच्या आवडत्या व्यक्तींच्या पाहणीत तो वर्षानुवर्षं पहिला येत राहिला. सेलीन दियोंने २०२२ च्या डिसेंबरात स्नायू ताठरवणाऱ्या दुर्मीळ आजाराची बातमी स्वतःच दिली. २६ जुलै २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, ती आयफेल मनोऱ्यावरून एदित पिआफचं फ्रेंच गाणं गायली, तेव्हा आपल्याकडेही अनेकांनी ते रात्री जागून पाहिलं. त्यांतल्या पुष्कळांना ती फ्रेंच गाते हे त्या रात्रीच कळलं.

अकरावी-बारावीला गुण चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेतलेली आणि पुढे ती आवडू लागलेली मुलं महाराष्ट्रात कमी नाहीत. ही पुस्तिका मुख्यतः त्यांच्यासाठी. गाण्याचे शब्द इथे छापलेले नाहीत, ते कानांनीच उचलावे लागतील. तेव्हा पान उलटण्याआधी एक करा. प्रथम ‘दो’वरची आवृत्ती ऐका, मग लगेच झेनिथची. दुसऱ्यांदा ऐकताना गायिकेकडे थोडं दुर्लक्ष करा आणि गर्दी कुठे आत शिरते तेवढं पाहा. वेळ एकाच आवृत्तीपुरता असेल, तर झेनिथचीच ऐका.